पीसी खुला, मॅक बंद. मग पैसे कोणी मिळवले?

१९८४ साली आलेल्या ॲपलच्या पहिल्या मॅकिंटॉशच्या, म्हणजे मॅकच्या, प्लॅस्टिकच्या खोक्याला आतल्या बाजूने सह्या होत्या. यंत्र घडवणाऱ्या मंडळींनी १९८२ मध्ये एका मोठ्या कागदावर सह्या केल्या, त्या साच्यात कोरल्या गेल्या आणि मग प्रत्येक खोक्यात उमटत राहिल्या. गंमत म्हणजे यंत्र विकत घेणाऱ्याला त्या कधी दिसू नयेत, याचीही चोख व्यवस्था होती. खोकं बंद करणारे स्क्रू चांदणीच्या आकाराच्या खाचेचे होते. त्यातले दोन वरच्या मुठीच्या खोबणीत इतके खोल बसवलेले की घरातला स्क्रूड्रायव्हर तिथे पोचतच नसे. लांब दांड्याचं खास हत्यार आणून खोकं उघडलंच, तर आत जादा कार्ड बसवायला स्लॉट एकही नाही. मेमरी १२८ किलोबाइट, आणि ती वाढवायची सुरुवातीला अधिकृत सोय नाही.

त्याआधी, १२ ऑगस्ट १९८१ ला, आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला होता. तो कोणालाही सहज उघडता येई. आत पाच स्लॉट होते. ‘टेक्निकल रेफरन्स’ नावाचं जाडजूड मॅन्युअल पैसे मोजून कोणीही घ्यावं. त्यात सर्किटचे आराखडे तर होतेच, शिवाय यंत्र सुरू झाल्याझाल्या चालणाऱ्या बायोस या प्रोग्रॅमची ओळ न् ओळ छापलेली होती.

इथून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, पीसी खुला आहे, स्वस्त आहे, हवा तसा जुळवता येतो. मॅक म्हणजे सोनेरी पिंजरा. दुसरी बाजू म्हणते, पीसी स्वस्त दिसतो, पण पुढचा मनस्ताप कोणी मोजत नाही. मॅक घ्या आणि काम करा. हे वाद वर्षानुवर्षं वाचल्यावर माझं मत असं झालंय, की दोन्ही बाजू बहुतेक वेळा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल भांडत असतात. एक जण यंत्र उघडता येतं का हे विचारतो. दुसरा विचारतो, तसंच यंत्र दुसऱ्या कंपनीला बनवता येतं का? तिसऱ्याला त्यावर कोणाच्याही परवानगीशिवाय हवा तो प्रोग्रॅम चालवायचा असतो. चौथ्याला ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड, म्हणजे तिचं मूळ लिखाण, वाचायला हवा असतो. या चार प्रश्नांची उत्तरं एकाच यंत्रासाठी चार वेगळी येऊ शकतात आणि येतातही.

आणि या भांडणात क्वचितच निघणारा मुद्दा म्हणजे पैशाचा. एखाद्या यंत्राचा एक भाग सगळ्यांसाठी खुला झाला, की त्या भागातला नफा आटतो आणि जो भाग बंद राहिला त्याच्याभोवती पैसा जमायला लागतो. पीसीचा इतिहास याचा जवळजवळ शाळेतल्या पुस्तकासारखा नमुना आहे.

खुलं यंत्र आधी ॲपलचंच होतं

आज कोणाला पटणार नाही, पण स्लॉटची श्रीमंती पहिल्यांदा लोकप्रिय केली ती ॲपलनेच. १९७७ च्या ॲपल टू मध्ये आठ स्लॉट होते. स्टीव्ह जॉब्सला दोन पुरेसे वाटत होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. ते यंत्र घडवणारा त्याचा भागीदार स्टीव्ह वोझ्नियाक हट्टाला पेटला आणि आठ राहिले. त्या आठ स्लॉटांनी ॲपल टू ला जे दिवस दाखवले ते कंपनीने स्वप्नातही पाहिले नसावेत. १९८० साली मायक्रोसॉफ्टने एक कार्ड काढलं, सॉफ्टकार्ड नावाचं. त्यावर झेड-८० हा वेगळाच प्रोसेसर होता. कार्ड स्लॉटमध्ये खोचलं की ॲपलच्या यंत्रावर सीपी/एम ही दुसरीच ऑपरेटिंग सिस्टिम चालू लागे, आणि तिच्यासाठी लिहिलेले धंद्याचे सगळे प्रोग्रॅमही. म्हणजे यंत्र ॲपलचं, त्याचा मेंदू दुसऱ्याचा, आणि तो विकणारी कंपनी मायक्रोसॉफ्ट. त्यासाठी ॲपलची परवानगी लागली नव्हती.

खुल्या यंत्राची खरी किंमत इथे दिसते. बनवणाऱ्याला न सुचलेल्या गोष्टी त्यावर होऊ शकतात. व्हिसिकॅल्क हा पर्सनल कॉम्प्युटरवरचा पहिला स्प्रेडशीट प्रोग्रॅम १९७९ मध्ये आधी ॲपल टू वरच आला, आणि कितीतरी हिशेबनिसांनी त्या एका प्रोग्रॅमपायी आख्खं यंत्र विकत घेतलं.

पण आठ स्लॉट म्हणजे आठ ठिकाणी काहीही बसलेलं असू शकतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला समोरच्या यंत्रात नेमकं काय आहे हे कधीच कळत नाही. मॅक बनवताना जॉब्सने उलटं टोक गाठलं. प्रत्येक मॅक दुसऱ्या मॅकसारखाच असला पाहिजे, म्हणजे त्यावरचा प्रोग्रॅम सगळीकडे सारखाच चालेल. हा विचार मुळीच वेडगळ नव्हता. मॅकच्या हार्डवेअरचा मुख्य अभियंता बरेल स्मिथ याने बोर्डवर ‘डायग्नॉस्टिक पोर्ट’ अशा साळसूद नावाखाली एक स्लॉट घुसवायचा प्रयत्न केला होता. तो पकडला गेला. मात्र पुढे मोठ्या क्षमतेच्या मेमरी चिप मिळू लागल्या की ५१२ किलोबाइटपर्यंत जाता येईल, एवढी तजवीज त्याने बोर्डात करून ठेवली, आणि ती टिकली. १२८ किलोबाइट किती अपुरे होते हे पहिल्या काही महिन्यांतच सगळ्यांना कळलं.

आयबीएमने दार उघडं ठेवलं ते घाईमुळे

आयबीएमच्या खुलेपणामागे कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं. कंपनीला घाई होती. फ्लॉरिडातल्या बोका रॅटन इथल्या एका छोट्या गटाला सुमारे वर्षभरात यंत्र बाजारात आणायचं होतं. आयबीएमच्या नेहमीच्या शिस्तीत ते शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी बाजारात तयार मिळणारे भाग घेतले: प्रोसेसर इंटेलचा ८०८८, फ्लॉपी ड्राइव्ह टँडनचे, प्रिंटर एप्सनचा. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टने पुरवली, आणि तीही मायक्रोसॉफ्टने सिॲटलच्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेऊन दुरुस्त केलेली.

मग आयबीएमचं स्वतःचं काय उरलं? मुख्यतः बायोस. कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क यांच्याशी ऑपरेटिंग सिस्टिमची गाठ घालून देणारा हा छोटासा प्रोग्रॅम एका चिपमध्ये कायमचा कोरलेला होता. त्यावर आयबीएमचा कॉपीराइट होता. मग तो मॅन्युअलमध्ये छापला कसा? वरवर हा भोळेपणा वाटतो, पण छापील कोडही कॉपीराइटखालीच येतो. नक्कल करणाऱ्याला कोर्टात खेचता येतं, आणि ज्याने मॅन्युअल वाचलंय त्याला ‘हे मी माझ्या डोक्याने लिहिलं’ म्हणणंही अवघड जातं. हा धाक पोकळ नव्हता. ॲपल टू ची नक्कल करणाऱ्या फ्रँकलिन या कंपनीविरुद्धच्या खटल्यात १९८३ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने निर्वाळा दिला, की चिपमध्ये कोरलेल्या प्रोग्रॅमलाही कॉपीराइटचं संरक्षण आहे.

यावर तोड निघाली ती अशी. दोन गट करायचे. पहिल्या गटाने मूळ बायोस वाचायचा आणि तो काय काय करतो हे साध्या शब्दांत लिहून काढायचं: अमुक कळ दाबली की अमुक माहिती अमुक जागी येते, वगैरे. मूळ कोडची एकही ओळ त्यात येता कामा नये. दुसऱ्या गटात ज्यांनी मूळ कोड जन्मात पाहिलेला नाही असेच लोक घ्यायचे, आणि त्यांनी त्या वर्णनावरून नवा प्रोग्रॅम लिहायचा. आजीच्या आमटीची चव एकाने वर्णन करून सांगायची आणि तिच्या स्वयंपाकघरात कधी पाऊल न टाकलेल्या दुसऱ्याने ती चव जमवायची, तसा हा उद्योग. याला ‘क्लीन रूम’ म्हणतात. चव तीच, कृती स्वतःची, आणि कायद्याच्या दृष्टीने चोरी नाही.

टेक्सस इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी १९८२ मध्ये ह्यूस्टनला काढलेल्या कॉम्पॅक या कंपनीने हे इतकं बेमालूम केलं, की आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्रॅम त्यांच्या यंत्रावर जसेच्या तसे चालू लागले. त्यांचा पहिला ‘पोर्टेबल’ सुमारे १३ किलोचा होता. उचलणाऱ्याने त्या नावावर काय शेरा मारला असेल तो मारला असेल. १९८४ मध्ये फीनिक्स या कंपनीने तसाच स्वच्छ बायोस तयार करून कोणालाही विकायला काढला, आणि मग तर धरणच फुटलं. यंत्र खरंच आयबीएमसारखं आहे का, हे तपासायला तेव्हा लोक दोन प्रोग्रॅम चालवून बघत: लोटस १-२-३ आणि मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर. एक धंद्याचा, एक विमान उडवायचा. दोन्ही चालले की यंत्र पास.

मग पैसा गेला कुठे?

गिऱ्हाइकाचा फायदा उघड होता. डझनावारी कंपन्या एकच प्रकारचं यंत्र बनवत होत्या, किमती घसरत होत्या. पण आता आयबीएमच्या जागी बसून बघा. यंत्र तुमचं, नाव तुमचं, आणि गिऱ्हाईक दुकानात जाऊन म्हणतंय, ‘आयबीएमसारखं, पण स्वस्तातलं दाखवा.’ १९८६ मध्ये इंटेलचा नवा ३८६ प्रोसेसर बसवलेला पीसी कॉम्पॅकने आयबीएमच्या आधी बाजारात आणला. ज्याची नक्कल करायची तोच मागे राहिला!

१९८७ मध्ये आयबीएमने दार बंद करायचा प्रयत्न केला. पीएस/२ या नव्या यंत्रांत स्लॉटची रचनाच बदलली, तिचं नाव मायक्रो चॅनल. तांत्रिकदृष्ट्या ती जुन्यापेक्षा सरस होती. पण जुनी कार्डं तिच्यात बसत नव्हती, आणि दुसऱ्या कंपनीला ती वापरायची तर आयबीएमला परवान्याचे पैसे मोजायचे. कॉम्पॅक, एचपी, एप्सन यांच्यासह नऊ कंपन्यांनी १९८८ मध्ये एकत्र येऊन आपली वेगळी रचना जाहीर केली, जुनी कार्डं चालणारी. बाजार त्यांच्या बाजूने राहिला. आयबीएम पीसीची जन्मदाती खरी, पण लेकरू आता तिचं ऐकत नव्हतं. २००५ मध्ये आयबीएमने पीसीचा सगळा धंदा चीनच्या लेनोव्हो कंपनीला विकून टाकला.

नफा गेला तो दोन ठिकाणी. यंत्राचे बहुतेक भाग कोणीही बनवू शकत होतं, पण दोन भाग तसे नव्हते: ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोसेसर. आयबीएमशी करार करताना मायक्रोसॉफ्टने ती सिस्टिम इतरांना विकायचा हक्क स्वतःकडे ठेवला होता. पहिल्या पीसीसोबत ही सिस्टिम ४० डॉलरला मिळे, तर स्पर्धक सीपी/एम-८६ ची किंमत होती २४० डॉलर. निकाल तिथेच लागला. पुढे प्रत्येक क्लोन, म्हणजे आयबीएमसारखं यंत्र, बनवणारा मायक्रोसॉफ्टचं गिऱ्हाईक झाला. काही करार तर असे होते, की कंपनीने जितकी यंत्रं विकली तितक्यांचे पैसे मायक्रोसॉफ्टला द्यायचे, मग एखाद्या यंत्रात त्यांची सिस्टिम घातलेली असो वा नसो. १९९४ मध्ये अमेरिकी सरकारने कारवाई केली तेव्हा हा प्रकार थांबला. इंटेलने सुरुवातीच्या प्रोसेसरांचे परवाने एएमडीसारख्या इतर कंपन्यांना दिले होते. ३८६ पासून हात आखडता घेतला.

म्हणून ‘पीसी खुला आहे’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कुठला भाग? स्लॉट खुले होते, ते यंत्र बनवणंही खुलं होतं, प्रोग्रॅम लिहायला कोणाची आडकाठी नव्हती. पण त्यावर चालणाऱ्या विंडोजचा सोर्स कोड तिजोरीत होता आणि आजही आहे. उलट, बंद म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मॅकची आजची सिस्टिम ज्या गाभ्यावर उभी आहे, त्या डार्विनचा सोर्स कोड ॲपल प्रसिद्ध करते. वरचा दिखाऊ मजला बंद, पाया वाचायला खुला. चौथ्या प्रश्नाच्या बाबतीत मॅक विंडोजपेक्षा खुला निघतो, हे सांगितलं की दोन्ही पक्ष सारखेच नाराज होतात.

ॲपलने दार उघडून पाहिलं होतं

मॅकलाही बंद राहणं मानवलं असं नाही. कंपनीला आधी १,९९५ डॉलर किंमत ठेवायची होती. जाहिरातीचा खर्च भरून काढायला ॲपलचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांनी ती २,४९५ केली. महाग, मेमरी कमी आणि स्लॉट नाहीत. १९८५ मध्ये खुद्द बिल गेट्स यांनी ॲपलला पत्र लिहून सुचवलं होतं, की मॅकची रचना इतर कंपन्यांना परवान्यावर द्या. गेट्स यांचा स्वार्थ उघड होता, मॅकसाठी ते प्रोग्रॅम विकत होते. पण सल्ला मूर्खपणाचा नव्हता. ॲपलने तो मानला नाही. १९८७ च्या मॅक टू मध्ये सहा स्लॉट मात्र आले.

शेवटी दार उघडलं ते १९९५ मध्ये, कंपनी अडचणीत असताना. पॉवर कॉम्प्युटिंग, मोटोरोला अशा कंपन्यांना मॅकचे क्लोन बनवायचा परवाना मिळाला. अपेक्षा होती की क्लोनवाले नवी गिऱ्हाइकं आणतील. त्यांनी ॲपलचीच गिऱ्हाइकं नेली, तीही जास्त पैसे मोजणारी, कारण त्यांची यंत्रं अधिक वेगवान असून स्वस्त होती. इथे मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल यांतला फरक लक्षात घ्या. मायक्रोसॉफ्टची कमाई सिस्टिमच्या परवान्यावर होती, म्हणून क्लोन जितके जास्त तितकं तिचं भलं. ॲपलची कमाई यंत्रावर होती. प्रत्येक क्लोन म्हणजे तिच्या ताटातला घास. १९९७ मध्ये परत आलेल्या जॉब्सने क्लोनचा खेळ बंद केला आणि पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा १० कोटी डॉलरचे शेअर देऊन विकत घेतला. कोणती कंपनी किती खुली राहील, हे तिची कमाई कशावर आहे यावरून जवळजवळ आधीच सांगता येतं. बाकीची भाषणं जाहिरातीसाठी.

आयबीएम नसलेल्या देशात आयबीएम कंपॅटिबल

खुलेपणाची किंमत आपल्याकडे अगदी वेगळ्या तऱ्हेने वसूल झाली. परकीय कंपन्यांनी मालकीचा वाटा कमी करावा या सरकारी अटीवरून आयबीएम १९७८ मध्ये भारत सोडून गेली. १९८० च्या दशकात इथल्या कचेऱ्यांत, बँकांत, कॉलेजांत जे पीसी आले त्यांवर एचसीएल, विप्रो अशी नावं होती आणि जाहिरातीत लिहिलेलं असे ‘आयबीएम कंपॅटिबल’. मूळ कंपनी देशात नाही आणि तिचं यंत्र सगळीकडे. बंद रचनेच्या यंत्राच्या बाबतीत हे घडणं अशक्य होतं.

स्लॉटची करामत पाहायची तर जिस्ट कार्ड आठवा. त्या काळचा पीसी रोमन अक्षरांपलीकडे काही जाणत नव्हता. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी तंत्र विकसित केलं. पुढे ते काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत वाढलं. जिस्ट कार्ड पीसीच्या स्लॉटमध्ये बसवलं, की वर्डस्टार किंवा डीबेससारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी टाइप होई आणि पडद्यावर दिसे. प्रोग्रॅमला पत्ताही नसे की आपण मराठी दाखवतोय. यासाठी आयबीएमची किंवा मायक्रोसॉफ्टची मिनतवारी करावी लागली नाही. स्लॉटची मापं आणि नियम सगळ्यांना माहीत होते, तेवढं पुरलं. ज्या भाषेचा बाजार परदेशातल्या कंपनीला दखल घेण्याजोगा वाटत नाही, तिला असा मोकळा स्लॉट मिळणं म्हणजे काय, हे अमेरिकेतल्या मॅक-पीसी वादात कोणी मोजतही नाही.

आणि मग लॅमिंग्टन रोड. कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण कॉम्प्युटरवाल्यांच्या तोंडी लॅमिंग्टन रोडच. रेडिओच्या सुट्या भागांपासून सुरू झालेल्या या बाजारात नव्वदीत अर्ध्या मुंबईचे पीसी जुळवले गेले असतील. दोन-तीन दुकानांतून कोटेशन घ्यायचं: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट, एसएमपीएस, मॉनिटर. एकेका ओळीवर घासाघीस. रॅम आज कमी घ्या, पगार झाला की वाढवा. मध्यमवर्गीय घरात कॉम्प्युटर आला तो असा हप्त्याहप्त्याने.

त्या कोटेशनमध्ये एक ओळ मात्र बहुधा नसायची: विंडोजची किंमत. ती दुकानदार ‘टाकून’ देत असे. ‘पीसी स्वस्त, मॅक महाग’ हे आपलं गणित कितीतरी वर्षं या न भरलेल्या रकमेवर उभं होतं, हे मान्य करायला हवं. लिनक्स ही खुल्या सोर्स कोडची ऑपरेटिंग सिस्टिम. तो तेव्हाही फुकट होता, आणि कायदेशीर. पण चोरीचा विंडोजही फुकटच मिळत असेल, तर खुला पर्याय शिकायची तसदी कोण घेणार? पायरसीने मायक्रोसॉफ्टचं नुकसान केलं की लिनक्सचं, यावर माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं.

दुकानातली किंमत आणि खरी किंमत

आता पैशाचं. यंत्राची किंमत म्हणजे बिलावरचा आकडा नव्हे, एवढं सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण पुढचा हिशेब कोणी मांडत नाही. त्यात येतं: यंत्र किती वर्षं वापरात राहील, मध्ये दुरुस्ती किंवा वाढ करता येईल का, बिघडलं तर कोण निस्तरणार, विकताना काय मिळेल, आणि दुसरीकडे जायचं ठरवलं तर फाइली आणि सवयी सोबत नेता येतील का.

आयबीएमनेच २०१६ मध्ये सांगितलं, की आपल्या कर्मचाऱ्यांना दिलेल्या मॅकमागे चार वर्षांत प्रत्येकी अडीचशे डॉलरहून जास्त वाचतात, कारण मदतीसाठी येणारे फोन कमी झाले. मॅकवाल्यांनी हे वाक्य फ्रेम करून ठेवलंय. ते सांगितलं गेलं ती परिषद ॲपलची यंत्रं सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीची होती, हेही सोबत लिहून ठेवावं. शिवाय तो हिशेब मदत करणाऱ्यांना पगार देणाऱ्या मोठ्या कंपनीचा आहे. ज्या घरात पीसी अडला की भाचा येऊन चहावर दुरुस्त करून जातो, तिथे हे अडीचशे डॉलर वाचत नाहीत.

दुसरीकडे, ॲपलने २०२० मध्ये स्वतःचा एम१ प्रोसेसर आणला. त्यात मेमरी प्रोसेसरला चिकटूनच बसवलेली. याने वेग वाढतो आणि बॅटरी वाचते, यात शंका नाही. पण नंतर मेमरी वाढवायचा मार्ग कायमचा बंद. मग ८ गिगाबाइटचे १६ करायला विकत घेतानाच २०० डॉलर जास्त मोजायचे, जेव्हा बाजारात तेवढ्या मेमरीची पट्टी त्याच्या काही अंशात मिळत होती. तांत्रिक कारण खरं, आणि त्याचा आधार घेऊन लावलेला भावही खरा. २०२४ च्या अखेरीस ॲपलने सुरुवातीचीच मेमरी १६ केली, तीही वरचे पैसे न घेता. तेव्हा आधीच्या २०० डॉलरमध्ये मालाची किंमत किती आणि मजबुरीची किती, हे ज्याने त्याने ओळखावं.

पण पीसीवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. बारीक, हलके विंडोज लॅपटॉप उघडून बघा. त्यांतही मेमरी बोर्डला सोल्डर केलेली असते. इंटेलने २०२४ च्या लूनर लेक प्रोसेसरमध्ये ॲपलसारखीच मेमरी सोबत बसवली. पुढे असं करणार नाही, असं कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं, आणि कारण दिलं नफ्याचं: दुसऱ्याकडून घेतलेल्या मेमरीवर इंटेलला फारसं सुटत नव्हतं. गिऱ्हाइकाला मेमरी वाढवता यावी, हा मुद्दा त्यात नव्हता.

वयाचंही तसंच. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला तेव्हा ठणठणीत चालणारे कितीतरी पीसी अधिकृतपणे अपात्र ठरले. ॲपलने २०२५ ची मॅकओएस ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी शेवटची असेल असं जाहीर केलं. दोन्हीकडे तारीख कंपनीच ठरवते. फरक त्यानंतर पडतो. जुन्या पीसीवर लिनक्स सहसा तासाभरात बसतो, कारण त्याच्या बहुतेक भागांची माहिती जगजाहीर आहे. नव्या मॅकवर दुसरी सिस्टिम चालवायला ॲपलने कुलूप घातलेलं नाही, पण आतल्या भागांची माहितीही दिलेली नाही. ‘असाही लिनक्स’ (Asahi Linux) नावाच्या प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांना एम१ आणि एम२ वर लिनक्स चालवण्यासाठी एकेक भाग चाचपडत समजून घ्यावा लागला. अडवलं नाही आणि वाटही दाखवली नाही.

प्रोग्रॅमच्या बाबतीत दोन्ही यंत्रं फोनपेक्षा अजून बरीच मोकळी आहेत. मॅकवर २०१९ पासून बाहेरचा प्रोग्रॅम बिनबोभाट चालायला हवा असेल, तर बनवणाऱ्याने तो आधी ॲपलकडून तपासून घ्यायचा आणि त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचं सदस्यत्व घ्यायचं. न घेतल्यास वापरणाऱ्याला सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते. ती वाट दर काही वर्षांनी थोडी लांब होत चालली आहे. विंडोजही अनोळखी प्रोग्रॅमला आधी डोळे वटारून दाखवतो.

यंदा घरात लॅपटॉप घ्यायचा असेल, तर ब्रँडच्या आधी तपशिलाचा कागद मागा. मेमरी ‘सोल्डर्ड’ किंवा ‘ऑनबोर्ड’ लिहिली असेल, तर पाच वर्षांनी लागेल तेवढी आजच घ्या, मग लॅपटॉप कोणत्याही कंपनीचा असो. स्टोरेज बदलता येतं का ते वेगळं विचारा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये मेमरी चिकटलेली असली तरी एसएसडी काढता येते, मॅकबुकमध्ये येत नाही. कॉलेजचं किंवा कामाचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर वाद तिथेच संपला. आणि जुना पीसी विंडोज ११ ला नाकारला गेला म्हणून भंगारात देत असाल, तर आधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा. पेन ड्राइव्हवरून चालवताना हार्ड डिस्कला हातही लागत नाही, आणि वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात की नाही ते तिथल्या तिथे कळतं.